बादलीमागची उडी

पाण्याची भीती मला लग्नाआधीपासून आहे आणि ती मी कधी लपवलेली नाही. नांदेडला गोदावरीजवळ वाढले, पण घाटाच्या तिसऱ्या पायरीखाली आईने मला कधी उतरू दिलं नाही. नदी फुगली की सगळी गल्ली पुलावर पाणी बघायला जायची आणि मी घरात कडी लावून बसायची. अशा बाईच्या नशिबी नवरा आला तो जहाजावरचा इंजिनियर. तो सहा-सहा महिने बाहेर असायचा तोवर ठीक होतं. मग त्याने नोकरी सोडली, एक जुनी तीस फुटी शिडाची होडी घेतली आणि या हिवाळ्यात आपण तिघांनी रत्नागिरीपासून कारवारपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं, असं जाहीर करून टाकलं. तिसरी म्हणजे आमची नऊ वर्षांची मुलगी. मी नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत ते दोघं दोरीच्या गाठी शिकायला बसले होते.

लाइफ जॅकेट मी सकाळी उठल्या उठल्या घालायची ते नांगर पडल्यावरच काढायची. चहा जॅकेटमध्ये, भाकरी जॅकेटमध्ये. मुलगी मला चिडवायची, नवरा फोटो काढायचा, पण मी हटले नाही. होडी वाऱ्याने कलली की मी हाताला येईल ते घट्ट धरायची आणि डब्यातले कांदे एका बाजूला गडगडले तरी मी देवाचं नाव घ्यायची. महिनाभरात मला होडी सरळ रेषेत ठेवता यायला लागली. त्याच्यापुढे माझी मजल नव्हती.

मालवणला सासरे आले, आठ दिवस राहायला. निलंग्याहून दोन ठिकाणी एसटी बदलून, कारळाच्या चटणीचा डबा सांभाळत. मी त्यांना मामा म्हणते. वय अडुसष्ट, अंगाने काटक. गावातल्या कोणाच्याही विहिरीत पोहरा पडला, बादली पडली, की मामांना बोलावणं यायचं. कपडेही न काढता ते उडी टाकायचे आणि दुसऱ्या दमाला वस्तू घेऊन वर यायचे. अर्ध्या गावाला त्यांनी पाठीला डबा बांधून पोहायला शिकवलं होतं. माझ्या नवऱ्याला तर पाचव्या वर्षी डब्याशिवायच विहिरीत ढकललं होतं, आणि हे दोघंही ती गोष्ट कौतुकाने सांगायचे.

पहिल्याच दिवशी नवऱ्याने त्यांच्यापुढे जॅकेट धरलं.

"म्या काय लेकरू हाय का रे?" मामा म्हणाले. "मला पवाया येतंय."

नवऱ्याने जॅकेट गुपचूप खाली नेऊन ठेवलं. जहाजावर वीस-वीस माणसांवर ओरडणारा हा माणूस वडिलांपुढे मान वर करत नाही. आणि मी त्याला हसावं, तर माझंही तेच. सासऱ्यांनी जॅकेट घातलेलं नाही आणि सून मात्र जॅकेटात फुगून बसली आहे, हे मलाच बरं दिसेना. मी माझं काढून गादीखाली सारलं. वर डोक्यावर ओढणी, ती वाऱ्याने उडू नये म्हणून दोन पिना. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि अजून मी त्यांच्यासमोर मोठ्याने बोलले नव्हते. ते दोन दिवस मी समुद्रापेक्षा त्या ओढणीकडे जास्त लक्ष दिलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही वेंगुर्ल्याकडे निघालो. सकाळचे दहा वाजले असतील. वारा मागून होता, दोन्ही शिडं भरलेली होती आणि होडी माणूस पळेल इतक्या वेगाने चालली होती. नवरा खाली इंजिनात डोकं घालून बसला होता, मुलगी त्याला पाने-पक्कड देत होती आणि सुकाणू माझ्या हातात होतं. मामांना आपली कालची बंडी धुवायची होती. त्यांनी पिवळी बादली घेतली, कडीला दोरी बांधली आणि कठड्याशी उभे राहिले.

चालत्या होडीतून बादली सोडायची नाही, हे मला नवऱ्याने पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं. बादली भरली की पाणी तिला मागे खेचतं आणि झटक्यात हात सोलून निघतो. मामांना हे कोणी सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं. मी तोंडही उघडलं. पण मामांना 'नका' म्हणायचं कसं, या विचारात ते तसंच मिटलं. एवढी एक गोष्ट मी स्वतःला अजून माफ केलेली नाही.

दोरी त्यांच्या हातातून सुटली. बादली मागे पडली. आणि मामांनी, गावच्या विहिरीत टाकायचे तशी, काहीही विचार न करता तिच्यामागे उडी टाकली.

मी किंचाळले. नवरा वर येईपर्यंत मामा दोन होड्यांच्या लांबीइतके मागे पडले होते. त्यांनी बादली धरली होती. ती वर करून त्यांनी आम्हाला दाखवलीसुद्धा, चेहऱ्यावर हसू होतं. मग त्यांनी आधारासाठी विहिरीच्या काठाकडे हात करावा तसा हात बाजूला केला. तिथे नुसतं पाणी होतं. त्यांनी मान वर करून होडीकडे पाहिलं. ती किती लांब गेली आहे हे त्यांना तेव्हा कळलं, आणि ते हसू गेलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

"त्यांच्यावरून नजर काढू नको," नवरा म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "काही झालं तरी. हात त्यांच्याकडे रोखून धर."

मी सुकाणू सोडलं आणि सासऱ्यांकडे हात रोखून उभी राहिले. नवऱ्याने फेकलेली रबरी रिंग निम्म्यातच पडली. मागे शिडं खाली येत होती, इंजिन दोनदा खोकून बंद पडलं, मुलगी "आबा, आबा" करून रडत होती. मी वळून पाहिलं नाही. लाट वर यायची आणि मामांचं डोकं दिसेनासं व्हायचं. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता नाही दिसणार. मग परत एक काळा ठिपका. ओढणी कधी उडून गेली ते मला कळलंही नाही. खोटं कशाला बोलू, त्या वेळी मी मामांचाच विचार करत होते असं नाही. निलंग्याला सासूबाईंसमोर मी कोणत्या तोंडाने उभी राहणार, हे माझ्या मनात आलं. सुकाणू माझ्या हातात होतं, असं सगळे म्हणतील. आणि ते खरंच होतं.

इंजिन चालू झालं. आम्ही वळसा घालून परत आलो. जवळ आल्यावर नवऱ्याने इंजिन न्यूट्रलला टाकलं, नाहीतर माणूस होडीखालच्या पंख्यात सापडतो. सुकाणू सोडून त्याला हलता येत नव्हतं. मी कडेला पालथी पडले आणि हात खाली सोडला.

मामा हातभर अंतरावर होते. बादली कधीच सुटली होती. ते धापा टाकत होते, ओठ पांढरे पडले होते. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वर आलेला स्वतःचा हात मागे घेतला.

"त्याला येऊ दे," म्हणाले.

होडी पुढे निघून गेली. मला इतका राग आला की त्या रागात क्षणभर भीतीच विसरले. मरायची वेळ आली तरी सुनेचा हात धरायचा नाही! नवऱ्याने एक दोरी माझ्या कमरेला आवळली, दुसरं टोक शिडाच्या खांबाला बांधलं आणि पुन्हा वळण घेतलं. ते वळण घेताना होडी जागची हलतच नाही असं वाटत होतं. मामा आता हात मारत नव्हते. तोंड आकाशाकडे करून नुसते तरंगत होते आणि लाट त्यांच्या तोंडावरून जात होती.

दुसऱ्यांदा मी कंबरेपर्यंत बाहेर लोंबले.

"हात द्या म्हणते ना," मी ओरडले. "मेल्यावर कोणाची लाज राखायचीय तुम्हाला?"

त्यांनी हात दिला. मी मनगट धरलं, मग अंगातल्या बंडीचा गळा धरला आणि नवरा येईपर्यंत दोन्ही हातांनी त्यांना होडीला दाबून ठेवलं. माझे कोपर सोलून निघाले. आम्ही दोघांनी त्यांना वर ओढलं तेव्हा ते पालथे पडून पाणी ओकत होते आणि मी त्यांच्या पाठीवर थापट्या मारत होते, लेकराला मारतात तशा.

वेंगुर्ल्याला पोचल्यावर डॉक्टरांना दाखवलं. छाती साफ होती. मामांनी त्यानंतर तिसऱ्या दिवशीच परत जायचं ठरवलं. दरम्यान मी आईला नांदेडला फोन करून सगळी हकीकत तिखटमीठ लावून सांगितली होती. सासरे मर्यादेपायी कसे बुडायला निघाले होते, सुनेचा हात म्हणजे त्यांना विंचूच वाटला. आई हसली, मीही हसले. त्या प्रसंगानंतर पहिल्यांदाच हसले होते.

स्टँडवर नवरा मुलीला घेऊन पाण्याची बाटली आणायला गेला. बाकावर मी आणि मामाच होतो. मी टोचूनच विचारलं, "पहिल्या खेपेला माझा हात का नाही धरलात?"

मामांनी पिशवी मांडीवर घेतली. "तुला पवाया येत न्हाई, माय," म्हणाले. "बुडणाऱ्याची पकड लई वाईट असती. म्या एकाला हिरीतून काढाया गेलतो, त्यानं मला दोनदा तळाला न्हेलं. म्या पवणारा, म्हणून वाचलो. तुझ्या अंगात तर जाकीटबी नव्हतं. माझ्यापायी काढून ठिवलंतंस, ते काय मला दिसत न्हाई व्हय?"

मी त्यांच्याकडे वळून बसले.

"मग दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्या टायमाला तुझ्या कमरंला दोर दिसला."

"आणि दोर नसता तर?"

कोल्हापूरची गाडी फलाटाला लागत होती. मामा उठले, पिशवी खांद्याला लावली.

"लेकरू लहान हाय तुमचं," म्हणाले आणि गाडीकडे निघाले.

गाडी गेल्यावर मी आईला परत फोन लावला. परवा सांगितलं ते चुकीचं होतं, एवढंच सांगायचं होतं. ती हॅलो म्हणाल्याबरोबर मी सांगितलं, "आई, ती विंचवाची गोष्ट खोटी होती."