इंग्रजीतला एक ‘फॉर’

निजामाच्या अमलात मी कडा गावच्या शाळेत मास्तर होतो. सरकारी कागद सगळे उर्दूत चालत. गावात इंग्रजी येणारा मी एकटाच. तेही नगरला मामांच्या घरी राहून चार इयत्ता शिकलो होतो, तेवढंच. पण तेवढ्यावरही माझी मान ताठ असायची.

त्या साली पाऊस कमी झाला आणि माळावर चारा उरला नाही. गावातला एक धनगर आपली मेंढरं घेऊन हद्दीपलीकडे, इंग्रजी मुलखातल्या जंगलात जायला निघाला. तिकडे मोगलाईतून, म्हणजे आमच्या निजामी मुलखातून, चोरीची जनावरं येतात म्हणून जंगल खात्याचे लोक प्रत्येक कळप अडवत. माणूस भला आहे असं कुणीतरी लिहून दिलेलं बरं, म्हणून तो माझ्याकडे आला.

“मास्तर, इंग्रजीत लिवा,” तो म्हणाला. “सायबाचा मुलूख हाय.”

मोडीत लिहिलं असतं तरी चाललं असतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. किंवा आलं असेल आणि मी ते बाजूला सारलं असेल. इंग्रजीत लिहायची संधी वर्षातून एखाददुसरी यायची. मी बोरू सोडून टाक काढला आणि झोकात लिहिलं. या माणसाबद्दल माझी काही तक्रार नाही, पोलिसांनाही तो चांगला माहीत आहे, असा त्यातला मतलब. पोलीस पाटलाने त्यावर शिक्का मारला आणि धनगर कागद मुंडाशात खोचून गेला.

दहा-बारा दिवसांनी त्याची बायको शाळेच्या पायरीशी येऊन उभी राहिली. बरोबर तिचा दीर होता, तोच खबर घेऊन आला होता. नवऱ्याला जंगलाच्या नाक्यावर बसवून ठेवलंय, मेंढरं कोंडवाड्यात घातलीत.

“तुमचा कागद दावला आन् धरला,” बाई म्हणाली. “दावायच्या आदी कुणी काय बोललं न्हाई.”

“कागदात वाईट काही नाही, बाई.”

“मग कावून धरलं?” ती एक पायरी वर आली. “मागल्या साली आमच्या मेंढरांनी तुमच्या हरभऱ्यात तोंड घातलं हुतं. तुमी लई बोलला हुता तवा. त्येचा राग काढला का, तेवढं सांगा.”

मी नाही म्हणालो. माझ्याच कानाला ते खोटं वाटलं, कारण हरभऱ्याचा राग माझ्या मनातून खरंच गेला नव्हता.

घरी येऊन मी कच्चा खर्डा काढला आणि दहा वेळा वाचला. चूक सापडेना. मग माझा संशय पाटलावर गेला. कागद शिक्क्यासाठी त्याच्याकडे एक रात्र होता, आणि पाणवठ्यावरून त्याचं आणि धनगराचं वाकडं होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. कुणाकडून तरी एखादी ओळ घालून घेतली असेल, किंवा नाक्यावर निरोप धाडला असेल. चावडीवर जाऊन, चार माणसं बसलेली असताना, मी त्याला विचारलं, “पाटील, तुम्ही त्या कागदात काही केलंत का?”

पाटील थंडपणे म्हणाला, “मला इंग्रजी येतं का मास्तर? मी शिक्का मारला, तुमच्यावर इस्वास ठेवून.”

त्याच्या थंडपणाचाच मला जास्त संशय आला.

दुसऱ्या दिवशी मी धनगराच्या भावाला घेऊन हद्दीकडे निघालो. अर्ध्या दिवसाची वाट. तो सगळी वाट माझ्या दहा पावलं मागून चालला. मी थांबलो की तोही थांबायचा. मी पळून जाईन असं त्याला वाटत होतं की मीही नाक्यावाल्यांना सामील आहे असं, कोण जाणे.

नाक्यावरचा रेंजर आपल्यातलाच, पुण्याकडचा होता. त्याने माझा कागद फायलीतून काढून माझ्यापुढे ठेवला. अक्षर माझं, शाई माझी, एक टिंबही इकडचं तिकडे झालं नव्हतं.

“वाचा,” तो म्हणाला.

मी वाचलं. “आय हॅव नथिंग टु से फॉर धिस मॅन.”

“म्हणजे काय?”

“याच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. तक्रार नाही.”

“तक्रार नाही म्हणायचं तर ‘अगेन्स्ट’ हवं. ‘फॉर’ म्हणजे त्याच्या बाजूने. याच्या बाजूने बोलण्यासारखं माझ्याकडे काहीच नाही, असं तुम्ही लिहिलंय. आणि पुढे?”

“ही इज वेल नोन टु द पोलीस.”

“ते व्याकरणात बसतं. पण इंग्रजीत असं कुणाबद्दल म्हणतात ठाऊक आहे? नेहमीच्या चोरांबद्दल.”

‘बद्दल’ला ‘फॉर’, एवढंच मी शिकलो होतो. रेंजर माझा चेहरा न्याहाळत होता.

“तुमचं याच्याशी काही भांडण आहे का?” त्याने विचारलं. “मास्तर माणूस अशी चूक करतो, यावर माझा चटकन विश्वास बसत नाही.”

हरभऱ्याचं मी त्याला सांगून टाकलं. लपवलं असतं तर आणखी वाईट दिसलं असतं. त्याने कोरा कागद पुढे सरकवला. “मराठीत लिहा. हे आधीच का नाही केलंत?”

मी लिहिलं. धनगराला बाहेर आणलं. दाढी वाढली होती, आवाज बसला होता. मी त्याला म्हणालो, “बाबा, चूक माझी झाली. एक शब्द चुकला.”

“येका शब्दानं?”

“एका शब्दाने.”

त्याने नवा कागद मला मोठ्याने वाचायला लावला. मग तो माझ्या हातातून घेतला, नाक्यावरच्या शिपायाला दिला आणि म्हणाला, “आता तुमी वाचा.” शिपायाने वाचलं. दोन्ही वेळा तेच निघालं, तेव्हा त्याने कागद घडी करून घेतला.

कोंडवाड्यात चार कोकरं मेली होती. त्याने ती उचलली नाहीत, नुसती बघितली आणि कळप बाहेर काढला.

पुढे कधीकधी तो आपली कागदपत्रं घेऊन माझ्याकडे यायचा, पण माझ्याकडून लिहून झालं की तालुक्याला, आष्टीच्या वकिलाकडे जाऊन ती वाचून घ्यायचा. मला ते कळायचं. शाळेत त्या वर्षापासून मी ‘फॉर’ आणि ‘अगेन्स्ट’ फळ्यावर शेजारी शेजारी लिहून महिनाभर घोकून घेत असे.

पाटलाकडे मी नाक्यावरून परत आल्या दिवशीच गेलो आणि झालेलं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, पण विड्याचं पान पुढे केलं नाही. “चार माणसांत विचारलंत,” तो म्हणाला, “आता एकट्यात सांगता.” मी दुसऱ्या दिवशी चावडीवर जाऊन चारचौघांत पुन्हा सांगितलं. पण त्या दिवशी बसलेली माणसं वेगळी होती. मी कड्यात होतो तोवर पाटील माझ्याशी कामापुरतंच बोलला, आणि माझ्या कुठल्याही कागदावर शिक्का मारण्याआधी तो कागद एकदा उजेडात धरून बघत असे.