मधूच्या गाडीचे खटके

मंगळवारी सकाळी नऊ वाजता मी पवनारच्या फाट्यावर पिशवी घेऊन उभी होते. मधू सेलूहून यायचा, मला गाडीत घ्यायचा आणि वर्ध्याला दवाखान्यात मणक्याच्या व्यायामाला सोडायचा. दोन वर्षांत तो एकदाही सव्वानऊच्या पुढे गेला नव्हता. साडेनऊ झाले तेव्हा मला राग आला, काळजी वाटली नाही. पावणेदहाला त्याच्या शेजारणीचा फोन आला. चहा पिऊन खुर्चीत बसला होता, पायात बूट होते, गाडीची किल्ली हातात होती... आणि गेला. मी रस्ता ओलांडला आणि सेलूकडे जाणाऱ्या बसला हात केला.

दीड महिना झाला. तेव्हापासून भेटायला येणारं प्रत्येक दुसरं माणूस मला विचारतं, गाडी कुठं आपटली? म्हणून हे लिहायला बसले. गाडी कुठंही आपटली नाही. ती शेडमध्ये होती, आदल्या दिवशी धुतलेली. मधुकर माझा सख्खा धाकटा भाऊ, अडुसष्ट वर्षांचा. त्याचं हृदय थांबलं. त्यात त्या पिवळ्या गाडीचा काही हात नाही. लोकांना वाटतं, या वयात दोन सीटची ठेंगणी गाडी पळवणारा माणूस म्हणजे बेफाम. मधूएवढा सावध माणूस मी पाहिला नाही. त्या गाडीचे शॉकअप घेताना त्याने जेवढा विचार केला, तेवढा लोक पोरीचं स्थळ पाहताना करत नाहीत.

तो आयटीआयमध्ये पोरांना फिटरचं काम शिकवायचा. बायको लवकर गेली, मुलगी पल्लवी पुण्याला नोकरीला लागली, हा रिटायर झाला आणि नागपूरच्या एकाकडून ती जुनी गाडी घेऊन आला. वर्षातून दोनदा तो दक्षिणेतल्या ट्रॅकवर जायचा. शर्यतीला नाही. तिथं पैसे भरून आपापली गाडी पाहिजे तशी पळवायचे दिवस असतात, त्याला जायचा. दुसरे लोक गाडी ट्रकवर चढवून नेत. हा त्याच गाडीनं दोन दिवस प्रवास करून जायचा, तिथं पळवायचा आणि त्याच गाडीनं परत यायचा. आल्यावर मंगळवारी त्याच गाडीत मी. दुसरी गाडी त्याच्याकडे नव्हती आणि त्याला नकोही होती.

माझ्या मणक्याचं ऑपरेशन झालं त्याच सुमारास गाडीच्या, खड्ड्यांचे दणके झेलणाऱ्या जुन्या शॉकअपमधून तेल गळायला लागलं. नवे घ्यायचे तर चारी चाकांचे, स्प्रिंगसकट, आणि एकदाच. आता ते असे येतात की उंची कमी-जास्त करायला आटे असतात आणि कडकपणा बदलायला एक बटण. बटण फिरवलं की खट खट वाजतं. ट्रॅकवर जाणाऱ्या नागपूरच्या पोरांनी त्याला सांगितलं, काका, सगळ्यात कडक स्प्रिंगा घ्या, रस्त्यावर बटण ढिलं करायचं, झालं काम. मधूला ते पटलं होतं. मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, तुला पाहिजे ते घे, माझ्या पाठीचं मी पाहते.

मी तीस वर्षं गाद्या भरल्या आणि शिवल्या. चार बोटं जाड, घट्ट टाक्याची एक गादी मी त्या सीटच्या मापाची केली. मंगळवारी मोठ्या तोऱ्यात तिच्यावर बसले. पहिल्याच खड्ड्यात डोकं छताला लागलं. पट्टा गळ्यावर आला होता तो वेगळाच. मधूने गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत बसला.

"बाई, तू गाडीत बसली का माळ्यावर?"

"तुहं छतच बुटकं आहे."

"छत बुटकंच होतं. तू काल माप घेतलं ना?"

"सीटचं घेतलं. डोक्याचं काऊन घीन?"

ती गादी आता मांजर वापरते.

पुढच्या आठवड्यात नागपूरच्या एका पोराने आपले वापरलेले कडक शॉकअप चार दिवसांसाठी दिले. मधूने ते बसवले, बटणं पार ढिली केली आणि मला घेऊन निघाला. एका खड्ड्यातून गाडी गेली आणि दुसरा खड्डा येईपर्यंत हलतच राहिली. टोल्यासारखा दणका तर बसलाच, वर आणखी झुलणं. मला मळमळायला लागलं.

"आता कशी वाटून राह्यली?" त्याने विचारलं.

"मऊ नाई झाली. ढिली झाली."

"म्हन्जे?"

"हाडाले तेवढंच लागते, वरून नाचते बी."

दवाखान्यातून परतल्यावर मी त्याला घरात नेलं. माझ्याकडे गाद्या तपासायची एकच रीत होती. गादीत गुडघा रोवायचा आणि एकदम उचलायचा. चांगली गादी एकदा वर येते आणि गप बसते. गुडघा खाली फळीला लागला तर कापूस कमी. गुडघा जाईचना तर कापूस जास्त. आणि वर येऊन इकडं-तिकडं सरकली तर टाके ढिले. माझ्याकडे एका गिऱ्हाइकाची जुनी गादी उसवायला आली होती. कोणीतरी तिच्यात कापूस नुसता कोंबला होता आणि मऊ वाटावी म्हणून टाके लांब-लांब घातले होते. मी मधूला तिच्यावर गुडघा ठेवायला लावला.

"कापूस किती घालाचा ते पह्यले ठरते," मी म्हटलं. "टाके मंग. कापूस जास्त झाला तं टाके ढिले करून ते मऊ नाई होत. गोळे होते."

त्याने दोनदा गुडघा दाबून पाहिला. मग म्हणाला, "कापूस म्हन्जे स्प्रिंग. टाके म्हन्जे बटन. मी टाके ढिले करत बसलो." शिकवणाऱ्या माणसाचा हा एक गुण त्याच्यात होता, चूक कळली की वाद घालायचा नाही. बाहेर गेला, गाडीच्या एका कोपऱ्यावर सगळं वजन टाकून दाबलं आणि हात सोडले. गाडी तीनदा वर-खाली झाली. तो मान हलवत आत आला आणि त्याच दिवशी ते शॉकअप काढून परत केले.

पुढचे तीन आठवडे तो फोनवर होता. विकणारे त्याला भ्याले असतील. एक जण म्हणाला, सर, आमच्या बटणाला बत्तीस खटके आहेत. मधूने विचारलं, त्यातले कामाचे किती? दुसऱ्याने दोन-दोन बटणं दाखवली, एक गाडी खाली दबतानाचा कडकपणा बदलायला, दुसरं ती वर येतानाचा. मधू मला म्हणाला, दोन बटणं म्हणजे दोन चुका करायची सोय. त्याला पाहिजे होतं ते साधं होतं. स्प्रिंग मधल्या ताकदीची, त्या गाडीच्या वजनाला बसेल अशी. उंची कमी केली तरी स्प्रिंग दाबली जाऊ नये आणि चाकाला वर-खाली व्हायला जागा राहावी. आणि तेल गळलं तर शॉकअप इथं आपल्या देशात उघडून दुरुस्त करता यावा. बटणाचे मधले सात-आठ खटके खरे कामाचे असले तरी पुरे, असं त्याचं म्हणणं. शेवटी तसे मिळाले. ढिल्याकडून मोजायचं, पाच खटके माझ्यासाठी, अकरा ट्रॅकसाठी, हे त्याने आठ-दहा फेऱ्या मारून ठरवलं.

नवे शॉकअप उत्तम होते. सेलूच्या बाजूला रस्ता उखडलेला होता, तिथूनही मला घेऊन गेला तर खड्डा कळायचा, पण मणक्यापर्यंत पोचायचा नाही. इतकं बरं वाटायला लागलं तेव्हाच मला शंका आली. नागपूरची पोरं त्याला हसत होती, हे मला माहीत होतं. मी कोणाच्या उपकारावर बसणारी बाई नाही. भावाच्याही नाही. एका मंगळवारी विचारलंच.

"मधू, खरं सांग. माह्यासाठी नरम घेतल्या का तू ह्या स्प्रिंगा?"

"चूप बस, बाई."

"माह्या पाठीपायी तुह्यी हौस खराब होत असंन तं मी बसनं जाईन."

"जाजो. बस काय फुलावरून चालते?"

"मले उत्तर पाह्यजे."

"दवाखाना आला. उतर."

नंतर मी दोन-तीनदा विचारलं, प्रत्येक वेळी त्याने दुसरंच काही काढलं. माणसं खोटं बोलायचं टाळतात तेव्हा असंच करतात, हे मला कळत होतं. तो ट्रॅकवरून यायचा, मी विचारायची कसं झालं, तो म्हणायचा, चांगलं झालं. चांगलं म्हणजे काय, ते सांगायचा नाही. तो गेला त्या दिवशी घरात माणसं रडत होती आणि माझ्या डोक्यात हेच होतं, की आता हे विचारायला कोणी उरलं नाही. याने आपल्या आयुष्यातली एकुलती एक हौस माझ्या मणक्यासाठी बोथट केली असेल, तर ते मला कधी कळणार नाही.

तेरवीला नागपूरहून त्याच्यासोबत ट्रॅकवर जाणारा एक जण आला. चाळिशीचा, तब्येतीनं भारी माणूस. पंगत उठल्यावर मी त्याला शेडमध्ये गाडीपाशी नेलं. म्हटलं, गोड बोलू नको. मधू तुमच्या मागं राहायचा का?

तो म्हणाला, "सपाट मोडावर मागं राह्यचे काका, मावशी. आमच्या गाड्या कडक, आम्ही तिथून निघून जाऊ. सुरुवातीले आम्ही मजाक बी करत होतो."

"मंग?"

"मंग मागच्या बाजूनं एक मोड आहे, तिथं रोड खराब आहे. तिथं आमच्या गाड्या उडते. चाक जमिनीवर टिकतच नाई, तं ब्रेक कसा धरंन? काकांची गाडी चिपकून जाये. दर वेळी तिथंच ओव्हरटेक करत. आणि सायंकाळी आमची कंबर गेली राहे, ते चहा पीत बसून राहत." तो हसला. "मी बी मागच्या दिवाळीत तशाच स्प्रिंगा बसवल्या."

"माह्यासाठी घेतल्या असं म्हने का?"

"नाई. म्हनत, आमच्या बाईले गाद्याचं समजते, तिचं ऐकलं."

सपाट वळणावर त्याने थोडं गमावलं. ते मला खरं वाटलं. सगळंच मिळालं असं त्याने सांगितलं असतं, तर मी त्याला दारातूनच वाटेला लावलं असतं. थोडं गमावलं, थोडं मिळवलं, आणि काय गमवायचं ते त्याचं त्याने ठरवलं. एवढं मला पुरे आहे. मी उपकारावर बसले नव्हते.

गाडीला दोन गिऱ्हाइकं आली. पल्लवीने नाही म्हटलं. ती आता महिन्यातले काही दिवस सेलूहूनच काम करते आणि गाडी चालवते. चांगली चालवते. पण ती बापापेक्षा पुष्कळ हलकी. ती बसली की गाडी तिच्या बाजूनं बोटभर उंच राहते, आणि वळताना तिला ते जाणवत होतं. आटे फिरवून ते नीट करता येतं, तिला करताही येतं, पण ती हात लावेना. म्हणाली, आत्या, बाबांनी बसवलेलं आहे, राहू दे.

मी म्हटलं, तो बसणार आहे का तिथं? चालवणार तू. तुझ्या वजनाला बसव.

तिने तोंड फिरवलं. मी शेडमध्ये स्टूल घेऊन बसले. थोड्या वेळाने तिने जॅक आणला. आट्यांवरचा वाळलेला चिखल ब्रशने काढला, पाना लावला आणि बापाचं वजन गाडीतून उतरवलं. बराच वेळ लागला. एकदा म्हणाली, किती घट्ट करून ठेवलंय... मग पान्यावर दोन्ही हातांनी जोर दिला. शेवटी बॉनेट दाबून पाहिलं, एकदा वर आलं आणि गप बसलं.

मंगळवारी नऊ वाजता ती फाट्यावर आली. धामच्या पुलावर सांध्याशी गाडी हलली तशी तिने माझ्याकडे पाहिलं.

"लागलं का, आत्या?"

"लागलं. मांगचं घट्ट आहे."

पूल संपल्यावर तिने गाडी बाजूला घेतली, खाली उतरली, मागच्या चाकाशी उकिडवी बसली आणि हात आत घातला. मला दोन खटके ऐकू आले. दुसऱ्या बाजूला गेली, तिथेही दोन. मग ओढणीला हात पुसत येऊन बसली आणि आम्ही वर्ध्याला निघालो.