बंद ओव्हन अडुसष्ट दाखवत होता

महिन्याभरापूर्वी आमच्या परतूरच्या बेकरीतला ओव्हन विकला गेला. त्याआधी जे झालं ते कुणाला सांगितलंच नाही... आज इथे लिहितेय.

बेकरी मी आणि आमचे हे, दोघंच चालवायचो. पीठ माझ्याकडे, ओव्हन ह्यांच्याकडे. खारी, टोस्ट, नानकटाई... मोंढ्यातल्या चहावाल्यांकडे आमचाच माल जायचा.

मागच्या वर्षी माल बिघडायला लागला. खारी वरून बरी दिसायची, आतून ओलसर. मी मैदा बदलला, डालडा बदलला, ह्यांनी वेळ वाढवून पाहिला... काहीच बराबर जमेना.

मग आम्ही एकमेकांना धरलं. हे म्हणायचे, पीठ मळताना तुझं लक्ष नसतं. मी म्हणायची, ओव्हनपाशी उभं राहून मोबाईल बघितल्यावर दुसरं काय होणार. चहावाले हळूहळू दुसरीकडे गेले, आणि घरात आमचं बोलणं कामापुरतं उरलं.

दिवाळीनंतर शटर ओढलं. जागा दुसऱ्याला दिली. ओव्हन जाफराबादच्या एका नवरा-बायकोला द्यायचा ठरला, त्यांना तिकडे नवीन बेकरी टाकायची होती.

द्यायच्या आधी पुसून घ्यावा म्हणून मी सकाळी एकटीच गेले. पुसून झाल्यावर चालतोय ना ते बघायला नुसता मेन स्विच टाकला, हीटर बंदच ठेवले. स्क्रीनवर तापमानाचा आकडा आला... अडुसष्ट.

आठवडाभर बंद असलेला ओव्हन. आत हात घातला तर पत्रा गार पडलेला.

बेकरी चालू असताना सकाळीसुद्धा ओव्हन कोमट असायचा, त्यामुळे हा आकडा कधी खटकलाच नाही. बेकरी बंद पडली तेव्हाच तो दिसायचा होता...

ह्यांना फोन करून बोलावलं. शेजारच्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून मीटर आणला, एक काट्याचा थर्मामीटर आत ठेवला आणि ओव्हन तापवला. स्क्रीनवर दोनशे झाले तेव्हा आतला काटा एकशेसाठच्या आसपास होता. इतके महिने आम्ही कमी आचेवर भाजत होतो.

ओव्हन निवल्यावर ह्यांनी मेन बंद केला आणि मागचं झाकण खोललं. तापमान मोजणारा सेन्सर म्हणजे बोटाएवढी बारीक नळी. तिच्या वायरीचा जोड गंजून काळा पडला होता. मीटर लावला तर रेझिस्टन्स बराच जास्त, म्हणूनच आकडा चढा दिसत होता. तिथेच खाली बसले हे, झाकण मांडीवर घेऊन. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले,
"तुझं पीठ बराबर होतं."

मला रडू आलं. माझंही ह्यांच्याबद्दल चुकलंच होतं, ते मी बोलून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी हे जालन्याला जाऊन तसाच नवा सेन्सर घेऊन आले. दोन स्क्रू, तीन वायरी... अर्ध्या तासाचं काम. स्विच टाकला, आकडा आला सत्तावीस. एक घाणा खारीचा काढला. अशी खारी वर्षभरात झाली नव्हती. पापुद्रे मोजून घ्यावेत.

मी म्हटलं, "अहो, जाफराबादवाल्यांना नाही म्हणून सांगू या का?"

"शब्द दिलाय. अन् शटर कुठंय आता आपल्याकडं?"

खरंच होतं. जागेवर नव्या दुकानाचं फर्निचर येऊन पडलं होतं.

रविवारी ते दोघं टेम्पो घेऊन आले. पोरगी पंचविशीची असेल, फार हौसेने सगळं विचारत होती. ह्यांनी त्यांना सेन्सर दाखवला, कसा काढायचा तेही दाखवलं. टेम्पो निघताना तिच्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले,
"माल बिघडला तर पहिले मशीन बघा. एकमेकाला जल्दी बोल लावले तर मंग काही उरत न्हाई."

आता हे एका खताच्या दुकानात कामाला जातात. मी घरीच असते. दुपार संपता संपत नाही... पहाटे सवयीने जाग येते आणि उठून करायला काही नसतं.

बेकरी गेली ती गेलीच. पण आम्ही रात्री परत एका ताटाशी बसतो, चार शब्द बोलतो. तेवढं वाचलं... त्याबद्दल कुणाचे आभार मानायचे, ते मात्र कळत नाही.