माझ्या कपाळावरचं मेणकुंकू

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा हसते. कुणाला पैंजण ऐकू येतात, कुणाला पांढरी साडी दिसते... आणि एकालाही त्या वेळी मोबाईल काढायचं सुचत नाही! मला सुचलं होतं. माझ्याकडे फोटो आहे. पण त्याचा काही उपयोग नाही, ते पुढे कळेलच.

मी मेकअप आर्टिस्ट आहे. माहेर मुधोळ, लग्न होऊन आदिलाबादला आले, दोन्ही तेलंगणातच. नवऱ्याचं झेरॉक्सचं दुकान होतं. सहा वर्षांपूर्वी नेरडीगोंड्याजवळ हायवेवर त्यांचा अपघात झाला आणि ते गेले. मूलबाळ नाही. सासूबाई धाकट्या दिरांकडे राहायला गेल्या, मी एका खोलीचं घर भाड्यानं घेतलं, नांदेडला बहिणीकडे राहून तीन महिन्यांचा कोर्स केला. सेकंडहँड स्कूटी घेतली, पुढे मेकअपची पेटी, मागे रिंगलाईट बांधलेली. माझा कुणी असिस्टंट नाही. रात्री ब्रश धुताना मी एकटीच मोठ्यानं उद्याच्या ऑर्डरी बोलून दाखवते, कारण दिवसभरात ‘चिन ऊपर, आँखें बंद’ याखेरीज काही बोलणं झालेलं नसतं.

आता एक गोष्ट कबूल करते. मी विधवा आहे हे मी गिऱ्हाइकांना सांगत नव्हते. शहरात कुणी विचारत नाही. पण माझी निम्मी कामं सीमेलगतच्या बेल्याकडच्या मराठी गावांतली, आणि नवरीच्या अंगाला विधवेचा हात लागलेला तिथे चालत नाही. पुढे कधी मुलीच्या संसारात काही बिनसलं, तर बोट कुणाकडे जाईल? म्हणून कामावर जाताना मी टिकली लावायचे, गळ्यात खोटं मंगळसूत्र घालायचे. नवरीच्या कपाळाला मात्र हात लावत नव्हते. “शेवटची टिकली घरातल्या सवाष्णीनं लावायची, ही माझी पद्धत आहे,” असं सांगायचे. लोकांना ते फार आवडायचं! इन्स्टाग्रामवर त्या क्षणाचे रील पण टाकायचे मी. निर्लज्जपणाच म्हणा ना.

गेल्या वैशाखातली गोष्ट. बेला मंडळातलं, म्हणजे तालुक्यातलं, एक गाव, नाव देत नाही. नवरी मुलगी आता तिथे राहत नसली तरी तिच्या घरचे राहतात. लग्न दुपारचं होतं, मी सकाळी आठलाच पोचले. सिमेंटचं नवं घर, दारात मांडव, एका कोपऱ्यात कूलर घरघरत होता. नवरीचं नाव प्रणिता म्हणू. तिची आई ती शाळेत असतानाच वारली होती, काकूंनी वाढवलं होतं. काकू म्हणजे घरातला शेवटचा शब्द... जेवणाच्या आचाऱ्यापासून भटजीपर्यंत सगळे त्यांना विचारून हलत होते. मुलगी मात्र गोड. बेस लावेपर्यंत तिनं मला तिच्या नवऱ्याचे सगळे फोटो दाखवून टाकले.

एक डोळा पूर्ण झाला होता. दुसऱ्यासाठी मी वाकले, आणि मंगळसूत्र कुर्त्यातून बाहेर लोंबलं. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या होत्या.

“हे काय घातलं तुमी?” त्या म्हणाल्या. “तुमी तं मराठी हा ना?”

मी खाली पाहिलं आणि माझं पाणीपाणी झालं. माझं खरं मंगळसूत्र सासूबाईंच्या पेटीत. हे मी बांगड्यांच्या दुकानातून घाईत उचललेलं, आणि त्याला दोन वाट्या नव्हत्या. तेलुगू बायका घालतात तसे पुस्ते होते, सपाट गोल चकत्या. चार वर्षं मी ते गळ्यात वागवलं आणि एकदाही नीट पाहिलं नाही! आपल्याच माणसांत जाऊन ही चूक.

“मालक तेलुगू हाय काय?”

हो म्हणाले असते तर सुटले असते. पण जीभच वळेना. खोटं मंगळसूत्र घालता येतं, खोटा नवरा तोंडातून निघेना. मी म्हणाले, “ते नाहीत.”

प्रणिता एका डोळ्यानं माझ्याकडे बघत बसली होती. काकूंनी आरडाओरडा केला नाही. कपबशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, “काऊन लपवलं, बाई? बिनमायची पोरगी हाय ते. जे झालं ते झालं, राह्यलेलं आमच्या घरच्या पोरी करतीन.” मी पेटी भरायला लागले तर म्हणाल्या, “आता समोरून नका जाऊ. वरात मारुतीजवळ येऊन राह्यली. आत गेली का मग निघा. मागच्या खोलीत बसा.”

वरातीला मी आडवी जायला नको, म्हणून. त्यांचं तरी काय चुकलं? मलाच कुणी असं फसवलं असतं तर मीही चिडले असते. पण त्या दहा पावलांत मला कळलं, की बेल्याकडचं माझं काम संपलं. संध्याकाळपर्यंत चार गावांत होईल ही गोष्ट.

मागची खोली म्हणजे ज्वारीची पोती आणि एक मोडका पंखा. एकच दार, एकच खिडकी, तिला लोखंडी गज. पलीकडे गोठा. मी दाराला आतून कडी लावली, कारण मला रडायचं होतं आणि ते कुणी पाहू नये असं वाटत होतं. रडून झाल्यावर वाइप्स काढून सगळा चेहरा पुसला. टिकली काढली. ती चेन काढून पेटीच्या तळाशी टाकली. मग पोत्यावर बसून भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले.

झोपले नव्हते. हे मी छातीवर हात ठेवून सांगते. बाहेर बँड वाजत होता, तो कुठलं गाणं वाजवतोय तेही मला कळत होतं.

माझ्या हनुवटीखाली दोन बोटं आली. चेहरा थोडा वर केला, थोडा उजवीकडे, खिडकीकडे. उजेडात घेतात तसा. मी दचकायला हवं होतं, ओरडायला हवं होतं. पण हे काम मी रोज करते, आणि त्या हाताला काम येत होतं. बोटं खरखरीत होती, कापूस वेचणाऱ्या बायकांची असतात तशी. भुवयांच्या मध्ये काहीतरी थंड, चिकट टेकलं आणि गोल फिरलं. मग त्यावर कोरडं काहीतरी दाबलं. नाकावर सांडलेलं करंगळीनं हलकेच झटकलं. मी डोळे उघडले नाहीत. कुणी आपला चेहरा करत असलं की डोळे उघडायचे नसतात, हे मीच सगळ्यांना सांगते ना.

मग हनुवटीखालचा हात गेला.

डोळे उघडले तर खोलीत कुणी नाही. कडी होती तशीच आतून लागलेली. मोबाईलचा कॅमेरा उघडला... कपाळावर कुंकू. रुपयाएवढं, गोल, गडद लाल, जुन्या बायका मेणावर लावत तसं. बोट लावून पाहिलं तर खाली खरंच मेण होतं. माझ्या पेटीत टिकल्यांची पाकिटं असतात, लिक्विड असतं. मेण नाही, कोरडं कुंकूही नाही. लगेच एक फोटो काढला.

तेवढ्यात दारावर थाप. “बाई, उघडा.” काकूंचा आवाज.

मी कडी काढली. त्या बोलतच आत आल्या, “पोरगी आयकून नाई राह्यली. मले ताईच पायजे म्हनते. एक डोळा तसाच, त्या पोरींनी दुसरा पार—” आणि थांबल्या. माझ्या कपाळाकडे बघितलं. मग माझ्या मागे, पोत्यांकडे, खिडकीकडे. मला वाटलं, आता ही बाई म्हणणार, स्वतःच लावून बसली.

“मेन कुठून आनलं?”

“मी नाही लावलं, काकू. शपथ.”

त्यांनी दार लोटून घेतलं. मग अगदी हळू म्हणाल्या, “या घरात मेनावर कुंकू फक्त आमच्या जाऊबाई लावत. प्रणिताची माय. डबी त्यांच्यासंगंच दिली होती आमी, चितेवर.” पदरानं त्यांनी तोंड पुसलं. “चला. पोरगी थांबली हाय.”

दुसरा डोळा मी पंधरा मिनिटांत केला. हात कसा स्थिर राहिला, देव जाणे. टिकलीची वेळ आली तेव्हा मी सवयीनं बाजूला झाले आणि काकूंकडे पाहिलं. काकू भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. म्हणजे त्यांनी काही पाहिलंच नाही! प्रणितानं डोळे मिटले आणि हनुवटी वर केली. आयुष्यात पहिल्यांदा मी नवरीला टिकली लावली. मग गोठ्याच्या बाजूनं निघून आले.

स्पष्टीकरणं मीही शोधली. रडून ग्लानी आली असेल? मग मेण कुठून आलं? गजांतून कुणी हात घातला म्हणावं, तर मी खिडकीपासून लांब बसले होते. काकूंनी नाटक केलं म्हणावं, तर त्यांचा तो चेहरा मी पाहिलाय. आणि मुलीच्या आईला काही सांगायचं असेल, तर तिनं मुलीच्या कपाळाला हात लावावा ना, माझ्या कशाला? नंतर एकदा धीर करून काकूंना फोन केला. “मले नका विचारू,” एवढंच म्हणाल्या, मग जेवण झालं का ते विचारलं आणि फोन ठेवला. फोटो आहे, पण त्यात काय दिसतं? पोत्यावर बसलेली एक बाई, रडून लाल झालेले डोळे, कपाळाला कुंकू. कुणीही म्हणेल, हिनंच लावलं.

आता मी फोनवर आधीच सांगते, मी विधवा आहे, चालत असेल तर येते. निम्मे लोक “कळवतो” म्हणून कळवत नाहीत. काम कमी झालंय, दुपारी बरेचदा घरीच असते.

उलगडा अजून झालेला नाही, आणि खरं सांगू का, तो होईल याची मी आता वाटही बघत नाही. नवरा गेल्यापासून सहा वर्षांत मी शेकडो चेहरे हातात घेतले. माझ्या चेहऱ्याला लागलेला तो एकच हात. कधीतरी दुपारी मी दाराला कडी लावते, चेहरा धुऊन खिडकीशी स्टुलावर बसते, डोळे मिटते आणि हनुवटी थोडी वर करते. कुणी येत नाही. तरी मी बराच वेळ डोळे उघडत नाही.