डेकाटेबाईंचा हात

"रिकामं आहे" असं कुणी म्हटलं की डेकाटेबाईंचा त्यावर विश्वास बसत नसे. चहा झाला आणि मी कप उचलायला गेले की त्या आधी कपात डोकावायच्या. गॅसवाला रिकामा सिलिंडर नेत असला तर त्याला फाटकात थांबवून तो हलवून बघायच्या. "त्यानं सांगतलं ते त्याचं. मी पाह्यलं ते माह्यं," हे वर. मागच्या गल्लीत राहणाऱ्या या बाईंच्या डोक्यात थोडी गडबड असावी, असं माझं मत होतं. पुढे कळलं की पोलिसांच्या चांदमारीवर नव्या पोरींना बंदूक चालवायला शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती.

मी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती आणि स्वतःला तरुण समजत होते. आमचे हे गेल्यावर हथखोजच्या औद्योगिक वसाहतीतला त्यांचा छोटा कारखाना मी चालवायला घेतला आणि बरेच खेटे घालून यांचं रिव्हॉल्वरही रीतसर माझ्या नावावर करून घेतलं. संध्याकाळी एकटीनं परत यावं लागतं, हे अर्जातलं कारण. खरं कारण माझे दीर वसंतराव. "वहिनी, हे बायकांचं काम नाही. रिव्हॉल्वर मी सांभाळतो, हळूहळू कारखाना पण पाहून घेईन," असं ते तेराव्यालाच बोलले होते. आज रिव्हॉल्वर सोडलं तर उद्या कारखाना जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

आता मालकीणबाईंचा थाट ऐका. पदर खोचून, भुवई चढवून मी आरशासमोर उभी राहायचे, हातात रिव्हॉल्वर. सिविक सेंटरच्या बाजारात जाताना ते पर्समध्ये कंगवा आणि बडीशेपेच्या डबीशेजारी टाकायचे. आत काय आहे हे कुणाला कळू नये, पण थोडंसं कळावंही, अशा बेतानं पर्स काखेत धरायचे. ट्रिगरला कंगव्याचा दात अडकला तर काय होईल, हा विचार या डोक्याला कधी शिवला नाही.

दसऱ्याला पाटावर लाल कापड घालून शस्त्रपूजा मांडली. रिव्हॉल्वरला हळदकुंकू वाहिलं, नळीच्या तोंडात झेंडूचं फूल खोचलं आणि लांबून बघून स्वतःवरच खूश झाले. सून रश्मी पाटासमोर बसून रांगोळी घालत होती. तेवढ्यात डेकाटेबाई सोनं द्यायला आल्या. आपट्याची पानं त्यांच्या हातातच राहिली.

"रश्मी, ऊठ तिथून. इकडं ये पोरी." आवाज अगदी हळू होता. मग मला म्हणाल्या, "त्याचं तोंड कोणाकडं हाय?"

"अहो बाई, रिकामं आहे ते. मी स्वतः काल काढल्या गोळ्या."

"काल काढल्या. आज पाह्यलं का?"

त्यांनी फूल काढलं, नळी भिंतीकडे वळवली आणि गोळ्यांचं चाक बाजूला केलं. सगळी घरं भरलेली. 

सणाला आलेले वसंतराव सोफ्यावरून शांतपणे म्हणाले, "सकाळी मीच भरलं. रिकाम्या शस्त्राची पूजा कोण करतं? सवाष्णीची ओटी रिकामी ठेवता का तुम्ही?"

 डेकाटेबाईंनी गोळ्या काढून माझ्या ओंजळीत ठेवल्या. "मालती, जमा करून टाक ठाण्यात. तुया हाताची चीज नाही ही."

"जमा केलं की भाऊजी म्हणतील, बघा, जमलं नाही बाईला. शिकवा ना मला."

त्यांनी रिव्हॉल्वर पाटावरच्या लाल कापडात गुंडाळलं. "मंग मी पास म्हणत नाही तवरिक हे कुलपात राहीन. किल्ली तुयापाशी, दिराले नाही. गोळ्या दुसऱ्या कपाटात. कबूल?"

कबूल केलं. शिक्षणाची सुरुवात लाटण्यानं झाली. लाटणं हातात धरून मी स्वयंपाकघरभर चालायचं आणि त्या टेबलाशी शेंगा सोलत ओरडायच्या. "बोट आत कावून गेलं? बोट बाहेर, सरळ!" एकदा लाटणं निसटलं, ते मी झेललं आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिले. "झेलते कायले वो? पडू दे! पडली तर पडली. पडता पडता धरशीन त नेमका घोडा दाबशीन." पुढे रिकामं रिव्हॉल्वर हातात आलं. ते दर वेळी उघडून, घरांतून करंगळी फिरवून त्यांना दाखवायचं आणि त्यांनी परत दिलं की पुन्हा मी उघडून बघायचं. गोळ्या मिळाल्या त्या थेट चांदमारीवर. पहिला बार मी डोळे गच्च मिटून काढला. "देवाले नमस्कार करून राहिली का?" बाई म्हणाल्या. "निशाणा मंग पाहू. आंधी त्याच्या मांगं काय हाय ते पाह्य. गोळी तुले इचारून थांबत नाही."

हळूहळू माझ्या गोळ्या निशाणाच्या फळीवर लागू लागल्या. मी विचारायचे, "पास?" उत्तर ठरलेलं. "निशाणा बरा हाय. पास नाही." तिकडे वसंतराव दर सणाला विचारायचे, "काय वहिनी, अजून बालवाडीतच?" मी दात खाऊन हसायचे.

एका दुपारी बाई आल्या, त्या स्वतःचं पिस्तूल घेऊन. उघडून, रिकामं करून त्यांनी ते टेबलावर ठेवलं. मग उजवा हात लांब केला.

"पाह्य. हालते का?"

मी बघितलं आणि चहा टाकायला उठले.

"चहा मंग. सांग."

 नोकरी गेली, नवरा गेला, मुलगा परदेशात; ते पिस्तूल तेवढं बाईंचं राहिलं होतं. थंडी आहे, रात्री झोप झाली नसेल, असली वाक्यं माझ्या जिभेवर तयार होती. बाईंची बोटं पंख्याच्या वाऱ्यात कागद थरथरावा तशी थरथरत होती.

"हलतो बाई," मी म्हटलं. "बराच हलतो."

त्यांनी हात मांडीवर घेतला, दुसऱ्या हातानं दाबून धरला. 

"दोन महिन्यांपासून मले मालूम हाय," त्या म्हणाल्या. "पण सोताच सोताले सांगणं जमून नव्हतं राहिलं." मग नाक ओढून, नेहमीच्या आवाजात, "पास झाली तू. रडते कायले आता? ऑटो बोलाव."

ठाण्यात पिस्तूल जमा केलं तेव्हा त्यांनी मागे वळून बघितलं नाही. परतताना ऑटोत मांडीवरची पर्स दोनतीनदा उचलून बघितली. "कशी हलकी झाली वो," म्हणाल्या आणि सिविक सेंटरला ऑटो थांबवून माझ्याकडून दोन प्लेट चाट वसूल केली.

माझा निकाल त्यांनी वसंतरावांना भर दिवाळीत, सगळ्यांसमोर सांगितला. पुन्हा किल्लीचा विषय निघाला नाही. कारखाना आता रश्मी बघते.

बाई गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत त्या महिन्यातून एकदा यायच्या, माझा हात समोर धरायला लावायच्या, चष्मा पुसून बघायच्या आणि "चालते" म्हणून घरी जायच्या. आता ते काम रश्मीकडे आहे. ती हिशेबासारखं सरळ बोलते, म्हणून तिलाच नेमलं. आज तिनं माझा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ बघितला आणि म्हणाली, "आई, उद्या सकाळी मला वेळ आहे. ठाण्यात जाऊन येऊ."

मी साडी काढून ठेवली आहे. जरीची.