कवळीकाकांचे चौदा फटके

दातांच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली होती. त्या खोलीत कवळीकाका अडतीस वर्षं लोकांचे दात करत बसले होते. समोर फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. ते काही बोलत नसत, आणि काकांचंही त्यावाचून काही अडत नसे.

घरी बोलायचं काम बायकोकडे होतं. पोस्टातून निवृत्त झाल्यावर ती दोन मैत्रिणींच्या नादाने गोल्फ शिकली आणि दर बुधवारी जेवताना खेळाची साद्यंत हकीगत सांगू लागली. काका मान डोलवत. एकदा तिने सांगितलं, की चेंडू वाळूत गेला आणि दोन फटके वाया गेले. काहीतरी विचारावं म्हणून काकांनी विचारलं, "मग उचलून पुसून घ्यायचास ना?"

वाळूतला चेंडू हाताने उचलायचा नसतो, हे बायकोने आधी दहादा सांगितलं होतं. पुढचे दोन बुधवार ती गोल्फबद्दल चकार शब्द बोलली नाही. तिसऱ्या आठवड्यात काका तिला न सांगता सरावाच्या मैदानावर जाऊन उभे राहिले.

शिकवणारे मास्तर सत्तरीचे, निवृत्त व्यायामशिक्षक. त्यांनी हिरव्या चटईवर रबरी खुंटी ठेवली, खुंटीवर चेंडू ठेवला आणि काकांच्या हातात काठी दिली. "नजर चेंडूवर. हात सैल. मारा."

काकांनी मारलं. चेंडू जागेवरच होता.

"पुन्हा."

दुसऱ्यांदा चटईचा तुकडा निघाला. पाचव्यांदा खुंटी उडाली आणि चेंडू आहे तिथेच खाली बसला. विसाव्या फटक्यापर्यंत मास्तरांनी दातांच्या कण्या केल्या, पण काकांची मूठ सैल होईना. बोटांनी धरलेली वस्तू केसभरही हलू द्यायची नाही, ही अडतीस वर्षांची शिस्त. त्यांच्या हातातली सगळी कला गोल्फमध्ये कवडीच्याही कामाची नव्हती.

त्यातून त्यांचं लक्षही ठिकाणावर नव्हतं. मास्तर "सैल" म्हणाले की शीळ वाजत होती.

"खालची कवळी हलतेय तुमची," काका शेवटी म्हणाले. "कुणी केली?"

"तुम्हीच."

काकांनी काठी खाली ठेवली. "कधी?"

"अकरा वर्षं झाली. तेव्हाही हलायचीच."

"मग आला का नाहीत?"

"म्हटलं, कवळ्या अशाच असतात."

काकांना ती गोष्ट रात्रभर लागून राहिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मास्तरांना दवाखान्यातल्या खुर्चीत बसवलं आणि माप घ्यायचा लगदा तोंडात भरला. तो घट्ट होईपर्यंत मास्तरांना बोलता येणार नव्हतं. कदाचित म्हणूनच काका बोलले. "बायको खेळते. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. आता ती सांगायचीच बंद झाली. मला चांगलं खेळायचं नाहीये, मास्तर. ती काय म्हणते तेवढं कळलं तरी पुरे."

मास्तरांच्या घशातून काहीतरी आवाज आला. तो होकार होता की लगदा घशात चालला होता, हे काकांनी वाकून तपासलं. होकार होता.

नवी कवळी आठवड्याभरात झाली. मास्तरांची शीळ थांबली आणि सूचना स्वच्छ ऐकू येऊ लागल्या, पण काकांच्या खेळात त्याने काडीचा फरक पडला नाही. महिनाभर चेंडू एक तर हलत नसे किंवा मैदान सोडून भलतीकडेच जाई. मग एका गुरुवारी, काहीही वेगळं न करता, टक् असा बारीक आवाज झाला. हाताला धक्का असा बसलाच नाही. चेंडू वर गेला, बराच वेळ वरच राहिला आणि लांब जाऊन पडला.

मास्तर म्हणाले, "हं." पुढचे नऊ फटके वाया गेले.

रात्री जेवताना काकांनी सांगितलं, "आज माझा चेंडू नव्वद पावलं गेला."

बायकोचा घास हातातच राहिला. "कुठला चेंडू?"

"गोल्फचा. मी शिकतोय. सव्वा महिना झाला."

"सरळ गेला?"

"नाही. उजवीकडे."

"मारताना खांदा लवकर वळत असणार तुमचा," ती म्हणाली आणि उठून दाराआडची छत्री घेऊन आली. जेवण तसंच राहिलं. अर्धा तास ती छत्रीने खांद्याचं समजावत होती. काकांना त्यातलं निम्मं कळलं.

बुधवारी तिने त्यांना सोबत नेलं. पहिल्या खड्ड्यात चेंडू पडायला काकांना चौदा फटके लागले. तोवर मैत्रिणी बाकावर बसून थर्मासमधला चहा संपवून मोकळ्या झाल्या. गुणांचा कागद भरताना त्यांतली एक भिडेपोटी म्हणाली, "भावजी नवे आहेत. दहा लिहिते."

"चौदा लिही," बायको म्हणाली. "चौदा मारलेत त्यांनी."

दुसऱ्या खड्ड्याला त्यांना अकरा लागले.