प्रार्थनेला लागणारे नाव

त्या वर्षी आदिलाबादच्या बसस्थानकासमोरच्या दुकानात लाल बदामांची भेटकार्डे प्रथमच टांगलेली दिसली. गावात केबल येऊन फार दिवस झाले नव्हते. कार्डेही त्याच वाटेने आली असावीत. मला त्यांच्याशी कर्तव्य नव्हते. माझ्या पत्नीच्या पोटात गाठ निघाली होती आणि नागपूरच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेसाठी चौदा फेब्रुवारी ही तारीख दिली होती.

रजेचा अर्ज पाहून आमच्या मंडल कचेरीतला तरुण कारकून हसला. "काय काका, व्हॅलेंटाईनले काकूले घेऊन नागपूर! मजा हाय बॉ तुमची."

रजेचे कारण मी कोणाला सांगितले नव्हते. त्यालाही सांगितले नाही.

शेजारच्या मेजावरचा माझा मित्र तेवढा जाणून होता. तो तेलुगू ख्रिस्ती. गोदावरीकाठाहून बदलीवर आला आणि इथलाच झाला; आमची बोली तो आमच्यापेक्षा मोठ्याने बोले. दुपारी डबा एकत्र. त्याची अंबाडीची चटणी मला, माझी ज्वारीची भाकर त्याला, असा अलिखित करार होता. तसे जेवण नोकरी संपल्यावर पुन्हा मिळाले नाही.

त्या दुपारी मी विचारले, "हा तुमच्या लोकायचा सन ना? कायचा हाय?"

"सन कायचा, सार? रोममधी एक पाद्री होता म्हंतेत. राजानं शिपायांची लग्नं बंद केली, हा चोरून लावून द्याचा. म्हून त्याचं मुंडकं उडवलं. कोनी म्हंते, त्या नावाचे दोघं होते. खरं काय, कोनाले ठाव? गुलाबाचं तं लय मागून आलं."

"म्हंजे चौदा तारीख त्याच्या मरनाची?"

"हो. आमच्यात संताचा मरनाचाच दिवस पाळतेत."

पुण्यतिथ्या आमच्याकडेही पाळतात. तरी हातातला घास तोंडापर्यंत गेला नाही. मित्राने ते पाहिले आणि आपला डबा झाकला.

"आज शुक्रवार. संध्याकाळी घरी या, सार. आमचे लोक प्रार्थनेले बसतेत. काय पाह्यजे, तेवढं सांगा."

मी गेलो. समोरच्या खोलीत चटया अंथरल्या होत्या. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला डोक्यावर पदर घेतलेल्या स्त्रिया. शाळेत, दवाखान्यात नोकरी करणारी माणसे. आधी गाणे झाले. मग एकेकाने आपली अडचण सांगावी आणि सर्वांनी मिळून ती मोठ्याने देवापुढे मांडावी, अशी त्यांची रीत. कोणाची बदली, कोणाच्या मुलाची नोकरी. माझी पाळी आली.

"घरची मंडळी आजारी हाय. चौदा तारखेले ऑपरेशन हाय."

भिंतीशी एक निवृत्त परिचारिका बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "मंडळी म्हंजे? किती जनं बिमार हायेत, ब्रदर?"

"अम्मा, त्यायची बायको," मित्र म्हणाला. "एकच हाय."

स्त्रियांत खसखस पिकली. परिचारिकाबाई हसल्या नाहीत. "नाव सांगा तिचं."

"देवाले ठाव असंल."

"देवाले ठाव हाय. आमाले नाई. उद्यापासून रोज घरी कोनासाठी मागाचं आमी?"

लग्नात उखाण्यापुरते घेतले, त्यानंतर ते नाव माझ्या तोंडून चारचौघांत निघाले नव्हते. वडिलांनी आईचे नाव घेतलेले मी कधी ऐकले नाही. मित्राला नाव ठाऊक होते. पण तो चटईकडेच पाहत राहिला.

मी सांगितले. येथे लिहिण्याचे कारण नाही.

मग साऱ्या खोलीने एकदम आवाज चढवला. माझे तेलुगू कचेरीपुरते. त्या गलबल्यात मला कळत होते ते एवढे एक नाव, प्रत्येकाच्या तोंडी थोडे निराळे. सर्वांचे डोळे मिटलेले होते. मी मिटले नाहीत.

त्या दिवशी शस्त्रक्रिया बराच वेळ चालली, पण गाठ साधी निघाली. पुढे एका दुपारी औषधे घेऊन वॉर्डात आलो, तर पत्नी उशीला टेकून बसली होती. जवळ अनोळखी डबा.

"एक बाई आल्ती," ती म्हणाली. "आदिलाबादच्या कोन्या नर्सबाईची बहीन म्हने. पेज आनली. खाटेपाशी येऊन मले नावानं हाक मारली. कोनं सांगितलं तिले माहं नाव?"

"मी."

"कोठी?"

"प्रार्थनेत. समद्यायसमोर."

डब्याचे झाकण तिने दोनदा लावले, दोनदा काढले.

"मंग मलेच नावानं हाक काऊन नाई मारत कधी?"

भेटीची वेळ होती. वॉर्ड भरलेला होता. मी तिला नावाने हाक मारली. आवाज वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. पलीकडच्या खाटेवरच्या बाईने मान वळवली.

"ओ," पत्नी म्हणाली. टाके ताणू नयेत म्हणून तिने पोटाशी उशी धरली आणि मग ती हसली.